हिरव्या शाईची सही

स्टॅनरली, यॉर्कशायर
रविवार, १८ मे १९८६

प्रिय लोरेन,

माझं सगळं बदललं ते तीन मेच्या शनिवारी, दुपारी पावणेतीनला. तुझ्या वडिलांनी मला एक प्रश्न विचारला आणि मी एका शब्दात उत्तर दिलं, तेव्हा. गोल त्यानंतर दीड तासाने झाला. गावात अजून त्या गोलबद्दलच बोलतात, पण गोलने काही बदललं नाही. जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं.

आज बारा वाजता फुटबॉल क्लबच्या खोलीत सभा आहे. विषय एकच: तुझ्या वडिलांना, आर्नल्ड स्टॉट यांना, सत्तावीस वर्षांनंतर सेक्रेटरीपदावरून दूर करावं की नाही. सूचना आमच्या मॅनेजरची, ट्रेव्हरची आहे. आपल्या मटणाच्या दुकानात गिऱ्हाइकांना चॉप्स तोडून देता देता तो सांगत फिरतोय की हात मोजायचीसुद्धा गरज पडणार नाही. आत्ता दहा वाजलेत. दोन तास आहेत माझ्याकडे, आणि तुला लिहायचं मी गेले पंधरा दिवस टाळतोय.

नोरा म्हणाली, तू परवा घरी फोन केला होतास. नोरा तुला माहीतच आहे, मैदानावरच्या टपरीत चहा आणि खिमा भरलेल्या पाई विकता विकता अख्ख्या गावाची खबर ठेवते. तू वडिलांना म्हणालीस म्हणे, की बाबा, आता वय झालं, पूर्वीसारखं लक्ष राहत नाही तुमचं, सोडून द्या ते काम. आणि ते म्हणाले, 'असेलही.' एवढंच. हे ऐकलं आणि मी हातातला चहा तसाच फळीवर ठेवून निघालो. लोरेन, सबंध स्टॅनरलीने त्यांना विसराळू म्हातारा म्हटलं तरी चालेल, पण तू म्हणू नकोस. तू या वर्षी इथे नव्हतीस. मी होतो. म्हणून हे वर्ष मी तुला सांगतो.

ऑगस्टमध्ये मी परत आलो तेव्हा मला कोणी विचारत नव्हतं. शेफील्डचं कॉलेज दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सोडलं, प्राध्यापकाच्या खोलीचं दार आपटून. त्याआधी नोव्हेंबरात तुझ्या होस्टेलचं दार आपटलं होतं, ते तुला आठवत असेल. आईने विचारलं, आता करणार काय. मी तिचंही दार आपटलं. तुझे वडील मात्र रस्त्यात भेटले आणि माझ्या बुटांकडे बघून म्हणाले, "डावा पाय अजून चालतो का रे?" चालतो म्हटलं. "मग मंगळवारी ये. आणि येताना कुदळ आण, वरच्या गोलपाशी खड्डा पडलाय." मी कॉलेज का सोडलं, तुझं माझं काय झालं, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. कुदळ मात्र दोनदा आठवण करून मागितली.

त्या पहिल्या मंगळवारी मी त्यांच्याबरोबर खड्डा भरला आणि मगच मला चेंडू मिळाला. आपल्या क्वारी लेनच्या मैदानाला उतार आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण तो कसा वापरायचा ते त्यांनी शिकवलं. ते स्वतः कधी चांगले खेळले नाहीत, हे तेच सांगतात. पण कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, वारा ओढ्याकडून आला की चेंडू कुठे मरतो, हे त्यांना हाताच्या रेषांसारखं पाठ. चेंडू ओढ्यात गेला की लांब काठीला बांधलेलं मासेमारीचं जाळं घेऊन तेच धावायचे, अडुसष्टाव्या वर्षी, टोपी एका हाताने धरून. पाहुण्या संघाची माणसं हसायची. "आज काही लागलं का गळाला, आजोबा?" असं कुणीतरी ओरडायचं. ते जाळं वर करून दाखवायचे आणि म्हणायचे, "एकच. पण हवा भरलेला आहे, तुमच्या बचावातल्या बॅकसारखा."

आणि त्यांचा तो कागद. तू घरातली असून तुला हे माहीत नसेल, कारण कपडे बदलायच्या खोलीत तू कधी आली नाहीस. प्रत्येक सामन्याआधी संघाची नावं रेफरीकडे लिहून द्यावी लागतात. बाकीचे सेक्रेटरी ती दाराला टेकून, मिळेल त्या पेन्सिलीने खरडतात. तुझे वडील घरून कोरा कागद आखून आणतात, हिरव्या शाईचं पेन खिशात असतं, आणि एकेका खेळाडूसमोर उभे राहून विचारतात, "मला माहीत असावं असं काही आहे का?" आपण म्हणायचं, "नाही, मिस्टर स्टॉट." मग ते नाव लिहितात. अकरा वेळा, आणि राखीव दोघांसाठी आणखी दोन वेळा. शेवटी खाली सही. पोरं त्यांच्या पाठीमागे नक्कल करायची. आमचा कॅप्टन डग, कोळशाच्या गाडीवर असतो तो, एकदा म्हणाला, "आहे ना मिस्टर स्टॉट, काल बायकोने मला सोफ्यावर झोपवलं." सगळे हसले. त्यांनी पेन थांबवलं आणि गंभीरपणे विचारलं, "पाठ दुखतेय का?" दुखत होती. त्यांनी डगला त्या दिवशी पहिल्या अर्ध्यात बाहेर बसायला लावलं आणि ट्रेव्हरशी भांडण घेतलं.

ख्रिसमसपर्यंत आम्ही तिसऱ्या नंबरावर होतो. कोणालाच पटत नव्हतं. वेस्ट पेनाइन लीगमध्ये आपण म्हणजे कायम तळाचे. बार्कब्रिजचा संघ इथे यायचा तो पाईसाठी, असं नोराच म्हणायची. मग फेब्रुवारी आला, आणि जमीन अशी गोठली की खिळा ठोकला तर वाकायचा. पाच आठवडे एक सामना नाही. त्या पाच आठवड्यांत दर शनिवारी सकाळी सातला तुझे वडील मैदानावर. रेफरी नऊला येऊन बुटाची टाच आपटून बघायचा आणि मान हलवायचा. ते म्हणायचे, "बरं, पुढच्या शनिवारी." आणि शेतातून आणलेला पेंढा पुन्हा गोलसमोर पसरायला लागायचे. मी एकदा चिडून म्हटलं, कशासाठी हे, होणार नाही हे तुम्हालाही दिसतंय. ते म्हणाले, "झाला असता आणि मी तयारी केली नसती, तर?" मला तेव्हा ते बोलणं वेडेपणाचं वाटलं. आता वाटतं, मला कॉलेजात दीड वर्षात कुणी एवढं शिकवलं नाही.

राहिलेले सामने मग सगळे एप्रिलमध्ये कोंबले. चोवीस दिवसांत अकरा. शनिवार, मंगळवार, गुरुवार, पुन्हा शनिवार. डग कोळशाच्या काळ्या हातांनीच यायचा, गोलरक्षक पहाटेची टपालाची फेरी करून. मैदानात गवत उरलं नाही. प्रत्येक सामन्यानंतर तुझे वडील बागकामाचा चार दातांचा काटा घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन टोचत जायचे, म्हणजे पाणी खाली उतरेल. पाऊलभर टोच, पाऊलभर टोच. मी एका संध्याकाळी बरोबर गेलो. अर्ध्यावर माझ्या तळहाताला फोड आले. त्यांनी माझ्या हातातून काटा काढून घेतला आणि म्हणाले, "तुझं काम पायाचं. जा, गरम पाण्यात बस." अकरापैकी आठ आम्ही जिंकलो. मी सात गोल केले. त्यांनी कधी शाबासकी दिली नाही, पण एकदा माझे बूट मी विसरून गेलो तर दुसऱ्या दिवशी ते आमच्या दाराशी होते, चिखल काढून, चरबी लावून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून.

आता जे सांगायचं ते. याच एप्रिलमध्ये मी रविवारी सकाळीही खेळत होतो, फ्लीस पबच्या संघाकडून. ट्रेव्हरला कळलं असतं तर त्याने मला सोलून हुकाला टांगलं असतं. पण रविवारी रिकामं बसलं की मला तू आठवायचीस, म्हणून जायचो. तेरा एप्रिलला डोंगरापलीकडच्या खोऱ्यात एका पार्कात सामना होता, बघायला दोन कुत्री आणि एक बाबागाडी. समोरचा बॅक बार्कब्रिजकडचा. तो पहिल्या मिनिटापासून कानाशी लागला. "तुझी ती स्टॉटची पोरगी हल्ली कुणाच्या गाडीतून फिरते रे? लाल गाडी आहे, बघितली मी." मी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्याला खाली पाडला, आणि रेफरी मध्ये आला तर त्याच्या हातातली वही उडवून दिली. त्याने मला मैदानाबाहेर काढलं. फ्लीसच्या पोरांनी गावात ब्र काढला नाही. शनिवारचा कप त्यांनाही हवा होता.

एक मेला, गुरुवारी, टपालाने दोन गोष्टी एकत्र आल्या. एक तुझं कार्ड: 'शनिवारी शेवटच्या सामन्याला येतेय. बाबा म्हणतात तू छान खेळतोयस.' दीड वर्षात तुझं पहिलं अक्षर. दुसरं काउंटी संघटनेचं तपकिरी पाकीट: दोन मेपासून एकवीस दिवस, शनिवार असो की रविवार, कसलाही फुटबॉल खेळण्यास बंदी. या एकवीस दिवसांत माझा सामना होता एकच. ज्याला तू येणार होतीस तो. बार्कब्रिज आमच्यापेक्षा एका गुणाने पुढे, आणि शेवटचा सामना त्यांच्याशीच. जिंकलो तर कप आपला आणि पुढच्या वर्षी वरची लीग. मी तुझं कार्ड वरच्या खिशात ठेवलं. पाकीट घडी करून जुन्या बुटात कोंबलं, बूट पलंगाखाली.

शनिवारी पावणेतीनला तुझे वडील माझ्यासमोर उभे राहिले. दाढी अगदी गुळगुळीत केलेली, क्लबचा निळा टाय, कागद पुठ्ठ्यावर लावलेला. आठ नावं लिहून झाली होती. "मला माहीत असावं असं काही आहे का, ग्लेन?" वर्षभर ते मला 'पोरा' म्हणत. त्या दिवशी नाव घेतलं, मोठा दिवस म्हणून. मी म्हटलं, "नाही." 'मिस्टर स्टॉट' म्हणायचं राहून गेलं. त्यांनी एक क्षण वाट पाहिली, मग लिहिलं.

सामना तू पाहिलास. बाराशे माणसं होती, क्वारी लेनला एवढी कधी आली नव्हती. दोन–एक, आणि दुसरा माझा, डोक्याने, वरच्या गोलमध्ये, उताराच्या विरुद्ध. तू उतरून आलीस, माझ्या चिखलाने भरलेल्या बाहीला दोन बोटं लावलीस आणि 'छान खेळलास' म्हणून पाच चाळीसची गाडी गाठलीस. लाल गाडीबिडी काही नव्हती. तुझ्या हातात बसचं तिकीट होतं. ते मी बघितलं.

पुढचं गावाला जे माहीत आहे ते असं: सेक्रेटरीने बंदी असलेला खेळाडू खेळवला, मग स्वतःच लीगला कळवलं, तीन गुण गेले, कप गेला. का कळवलं, हे कुणाला उमगत नाही. कारण कुणालाही सापडलं नसतं, लोरेन. संघटना दर पंधरवड्याला बंदी असलेल्या खेळाडूंची यादी छापून सगळ्या क्लबांना पाठवते. चारशे-चारशे नावं, बारीक टाइप, आणि माझं नाव फ्लीसच्या खाली. बाकीचे सेक्रेटरी ती यादी चुलीत घालतात. यंदा बँक हॉलिडेमुळे ती मंगळवारी आली, सामना होऊन तीन दिवसांनी, हंगाम संपल्यावर. तेव्हा तर कुणी पाकीटही फोडलं नसतं. तुझ्या वडिलांनी नेहमीसारखी फूटपट्टी लावून एकेक ओळ वाचली.

ते त्याच संध्याकाळी मैदानावर भेटले. गोलसमोर गवताचं बी टाकत होते. यादीची घडी त्यांच्या कोटाच्या खिशातून डोकावत होती. "संघटना खेळाडूच्या घरीही पत्र पाठवते," ते म्हणाले. "तुला आलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही आलं."

दुसऱ्यांदा. पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा निदान तू येणार होतीस. या वेळी तेही कारण नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मैदानाकडे बघतात तसं, पाणी कुठे साचलंय ते शोधत. मग म्हणाले, "बरं. नाही म्हणतोस, तर नाही." आणि मुठीतलं उरलेलं बी नीट पसरून टाकलं, हात झटकले आणि फोन करायला गेले. लीगच्या समितीपुढे त्यांनी लिहून दिलं की खेळाडूला पत्र मिळालेलं नाही, चौकशी करणं सेक्रेटरीचं काम, कागदावर सही माझी आहे. नोराने ते पत्र पाहिलं. तेसुद्धा हिरव्या शाईत.

बार्कब्रिजच्या सेक्रेटरीचा त्यांना फोन आला. तो म्हणे गहिवरला होता. "आर्नल्ड, गप्प बसला असतास तर आम्हाला जन्मात कळलं नसतं." तुझे वडील म्हणाले, "तुम्हाला नसतं कळलं." मग कप पोचवायचा प्रश्न आला. ट्रेव्हर म्हणाला, त्यांचा आहे तर त्यांनीच येऊन न्यावा. कुणी गाडी दिली नाही. तुझ्या वडिलांनी कपावरच्या आपल्या निळ्या फिती सोडल्या, कप पॉलिश केला, उशीच्या अभ्र्यात घातला आणि मांडीवर धरून बसने बार्कब्रिजला गेले. दोन बस बदलून. मी रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून बघत होतो. बसमधल्या कुणी त्यांना नमस्कारही केला नाही. ते टोपीला हात लावत राहिले, समोरचा बघो न बघो.

गेल्या आठवड्यात त्यांच्या फाटकावर कुणीतरी चुन्याने 'तीन गुण' लिहिलं. त्यांनी ते पुसलं आणि मैदानावर गेले, कारण बी उगवायला लागलं होतं आणि कबुतरं येत होती. मी फाटकाशी दोनदा जाऊन परत आलो. ट्रेव्हर मला दुकानात सॉसेज जास्तीचे घालून देतो. "तुझा काय दोष, गड्या," म्हणतो, "तू तुझं काम केलंस. म्हाताऱ्याने घाण केली." मी ते सॉसेज घेऊन आलो, लोरेन. आईने तळले आणि मी खाल्ले.

मला वाटतं, त्यांना माहीत आहे. खात्री नाही, पण वाटतं. मला खोटारडा ठरवण्याऐवजी त्यांनी माझ्या शब्दाखाली स्वतःची सही केली. काल नोरा मला टपरीच्या फळीवरून म्हणाली, "त्यांना पद गेल्याचं काही नाही रे. पोरीने म्हातारं म्हटलं ते लागलंय. काल तीच यादी पुन्हा वाचताना दोनदा चष्मा पुसत होते, आपलंच चुकतंय का म्हणून." तो माणूस आता स्वतःवरच शंका घ्यायला लागलाय. हे मी केलंय.

म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही. तुझ्याकडे मागायची सोयही मी ठेवलेली नाही. तू जे वडिलांना म्हणालीस ते परत घ्यावंस म्हणून. हे पत्र मिळेल त्याच संध्याकाळी त्यांना फोन कर. ते काही सांगणार नाहीत, हवापाणी विचारतील, तू मात्र बोल. बुटातलं ते तपकिरी पाकीट काढून मी समोर ठेवलंय. त्यावर तीस एप्रिलचा शिक्का आहे, तो सभेत सगळ्यांना वाचता येईल. नंतर मला बहुधा कुठल्याच क्लबात खेळता येणार नाही, आणि ट्रेव्हरच्या दुकानासमोरूनही जाता येणार नाही. तरी सभेतून कुणी हाकललं नाही तर विचारीन, वरच्या गोलपाशी कुदळ चालवायला माणूस लागतो का. तुझं कार्ड मी परत पाठवत नाही, तेवढं राहू दे माझ्याकडे. पावणेबारा झालेत. टपालपेटी वाटेतच आहे. आई खालून विचारतेय कुठे निघालास, आणि मी तिला पहिल्यांदा खरं सांगणार आहे. जाकीट घातलं, पाकीट आतल्या खिशात आहे. आता एवढं मिटवतो, बाहेर पडतो, आणि दार लावतो. आपटत नाही.

तुझाच,
ग्लेन